न फुटलेला वाडगा

अण्णा, मला भीती वाटते आहे आणि ती सांगायला घरात माणूस नाही. म्हणजे माणूस आहे, पण नेमकं तिलाच सांगायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेलात त्यानंतर विश्रांतवाडी इतकी बदलली की तुम्हाला आपलं घर सापडायचं नाही. आपल्या पत्र्याच्या दोन खोल्यांच्या जागी इमारत झाली, तिच्या दुसऱ्या मजल्यावर मी राहते, आणि आळंदी रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज दिवसभर घरात असतो. तुमची नात, जी तुम्ही पाहिलीच नाहीत, पहिल्या बाळंतपणासाठी माझ्याकडे आली आहे. आठवा महिना चालू आहे. तिचं बीपी वर जातंय, पाय सुजतात, आणि डॉक्टरबाई प्रत्येक वेळी हसत हसत म्हणतात, "घाबरण्यासारखं काही नाही, पण लक्ष ठेवा." या वाक्याचा पहिला अर्धा भाग कुणी ऐकतं का? मी तरी नाही ऐकत. आणि याच घरात, पुढच्या खोलीत, बुद्धाच्या मूर्तीपुढे तुमचा तो मधाच्या रंगाचा काचेचा वाडगा मांडलेला आहे. मी नाही मांडला. पोरीने तो कपाटाच्या आतल्या कोपऱ्यातून शोधून काढला, धुतला, पुसला, पाणी भरून त्यात शेवंतीची फुलं सोडली आणि मला म्हणाली, "आई, कसला क्यूट आहे हा! असा आत का दडपून ठेवलास?" मी म्हटलं, जुना आहे म्हणून. ती म्हणाली, "जुना आहे म्हणूनच तर बाहेर ठेवायचा."

तुम्ही त्यांची जोडी आणली होती, जुन्या बाजारातून. तो रविवार मला आठवतो, कारण तुम्ही सायकलच्या कॅरिअरवर मला न बसवता त्या दोन वाडग्यांना बसवून आणलंत आणि मी दिवसभर फुरंगटून होते. पोत्यावर पसरलेल्या कुलपांत आणि गंजक्या पान्यांत ते पडले होते म्हणे. बाहेरून करंडीच्या विणीसारखी नक्षी, आतून गुळगुळीत, दोन्ही बाजूंना छोटे कान. उजेडात धरले की मध भरल्यासारखे दिसत. आई म्हणाली, "सायबाच्या घरची चीज. आपल्या घरात कुठं ठिवायची ही?" आणि तुम्ही म्हणालात, "साहेब गेला, वाडगा राहिला. आता आपला आहे." एक तुम्ही मूर्तीपुढे फुलांसाठी ठेवलात आणि दुसरा पाहुण्यांच्या चिवड्यासाठी. आपल्या घरात कौतुकाने ठेवावी अशी ती पहिलीच वस्तू होती. डेपोतले तुमचे मित्र आले की तुम्ही मुद्दाम चिवडा मागवायचात, आणि चिवडा संपला तरी वाडगा आत नेऊ द्यायचा नाहीत.

आपल्या घराचा नियम तुम्हीच घातलेला होता. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशी घरातले टाक नदीत सोडले, ही गोष्ट तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितली की ती मी पाहिली आहे असंच मला वाटतं. त्यांच्याबरोबर नवस गेले, उतारे गेले, मांजर आडवं गेलं की थांबणं गेलं. "देव्हारा गेला म्हणजे त्याच्या मागे लपलेलं भ्यावंही गेलं," असं तुम्ही म्हणायचात. आई मान हलवायची. पण आईचं भ्यावं कुठे जात होतं? ते फक्त गप्प बसायला शिकलं होतं. तुमच्यासमोर ती नेहमी दुसरंच कारण पुढे करी. आमची दृष्ट काढायची असली की म्हणे, मिरच्या खराब झाल्यात, चुलीत टाकते. तुम्ही वर्तमानपत्राच्या आडून म्हणायचात, "खराब मिरच्या पोराच्या तोंडावरून ओवाळून टाकायच्या असतात का?"

दादा नोकरीला निघाला तो दिवस आता सांगते. तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण मला तो आज पुन्हा नीट बघायचा आहे. विदर्भात कुठल्याशा वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथे त्याला वायरमनचं काम मिळालं होतं. आई सकाळपासून चुलीपाशी आहे. दादा नवा शर्ट घालून उगीचच खोलीभर फिरतो आहे. आई चिवड्याच्या वाडग्यात दही आणि साखर घेऊन येते आणि त्याच्या तळहातावर घालते. तुम्ही लगेच टोकता, "शकुनाचं दही कशाला? भूक असेल तर पोटभर जेवू घाल." आई म्हणते, "शकुन कसला? पोटाला थंड असतंय. परवासात बरं पडतंय." दादा हसत सुटतो, तळहात चाटतो आणि म्हणतो, "अण्णा, शकुन तुमचा, दही माझं." मग तो तुमच्या पाया पडतो, आईच्या पडतो, माझी वेणी ओढतो आणि लोखंडी ट्रंक घेऊन शेजारच्या पोराच्या सायकलवरून निघून जातो. आई वाडगा विसळते, पुसते, फळीवर ठेवते. आपण तिघं चहाला बसतो. फळीजवळ कुणीही नाही. आणि टण्ण असा आवाज होतो, आणि वाडग्याचे खडीसाखरेसारखे तुकडे फळीवरून खाली येतात.

आईने तोंडावर पदर धरला. तिने काही म्हणायच्या आत तुम्ही म्हणालात, "काच फुटली म्हणजे काच फुटली. त्यात दुसरं काही नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. केरसुणी आण." आईने केर भरला. तुम्ही चहा संपवलात, कपबशी पालथी घातलीत, आणि मला म्हणालात, "चल गं, दादाची भाकरी राहिली, देऊन येऊ." मी कॅरिअरवर बसले. तुम्ही इतक्या जोरात सायकल कधी मारली नव्हती. बंडगार्डनच्या पुलावर तुमचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि मी तो दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. आपण स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी गेली होती. रिकाम्या रुळांकडे तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग मला एक गोळी घेऊन दिलीत आणि परत येताना सगळा रस्ता सायकल हातात धरून चालत आलात. पुढे मी नोकरीला लागले, तेव्हा कँटीनमध्ये एकदा डबा उघडताना माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी आपल्या हातात भाकरी नव्हतीच. ना तुमच्या, ना माझ्या, ना हँडलला लावलेल्या पिशवीत. दादाची भाकरी आईने आदल्या रात्रीच ट्रंकेत घातली होती.

महिना भरायच्या आत तार आली. दादा उंचावरून पडला होता. त्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही, मला ते अजून जमत नाही. पण त्यानंतर घरात काय झालं ते लिहिते. आईने एका शब्दानेही तुम्हाला दोष दिला नाही. "त्याला थांबवायला पाहिजे होतं," एवढंसुद्धा ती कधी म्हणाली नाही. तिने फक्त उरलेला वाडगा मूर्तीपुढून उचलला आणि जुन्या लुगड्यात बांधून ट्रंकेत ठेवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो बाहेर काढून पुन्हा मूर्तीपुढे ठेवलात. ती दुपारी ठेवी, तुम्ही सकाळी काढत होता. यावर तुम्ही दोघं एकमेकांशी कधीच बोलला नाहीत. मी शाळेतून आले की आधी वाडगा कुठे आहे ते बघायची. तो मूर्तीपुढे असला की मला धाक वाटे आणि ट्रंकेत असला की जास्तच वाटे, कारण तिथे तो फुटला तर आपल्याला कळणारही नाही. माझं सगळं लहानपण त्या वाडग्यावर कान ठेवून गेलं. आई गेली त्यानंतर तुम्ही तो कधीच बाहेर काढला नाहीत.

लोक म्हणत, पोरगी रसायन शिकली आणि नेमकी बाटल्यांच्या कारखान्यात गेली, योगायोग आहे. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. योगायोग नव्हता, अण्णा. मला काच का फुटते ते कळून घ्यायचं होतं. नगर रस्त्यावरच्या त्या कारखान्याच्या तपासणी विभागात मी उभी हयात काढली. काच साच्यातून निघते तेव्हा लाल असते; ती बाहेरून लवकर निवते आणि आतून उशिरा. म्हणून तिला लांब बोगद्यासारख्या भट्टीतून हळूहळू पुढे सरकवत सावकाश निववावं लागतं. घाई केली तर आतला ताण आतच कोंडून राहतो. अशी काच वर्षानुवर्षं शहाण्यासारखी वागते आणि एखाद्या दिवशी कुणी बोटही न लावता फुटते. हे पहिल्यांदा शिकले त्या दिवशी मी घरी येऊन तुम्हाला सांगणार होते. तुम्ही खाटेवर बसून शेंगा सोलत होता. मी म्हटलं, "अण्णा, काच आपोआप फुटू शकते." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मी तेव्हाच सांगितलं होतं." तेव्हा तुमचा आवाज इतका बारीक झाला होता की मी तुमच्यासमोर बसून शेंगा सोलू लागले.

निवृत्त झाल्यावर हातात वेळ आला आणि मी त्या वाडग्याच्या मागे लागले. त्याच्या तळाशी आतल्या बाजूला नखाएवढी किल्ली उमटवलेली आहे, तुम्हाला आठवत असेल; तुम्ही म्हणायचात, कुठल्या कुलपाची कोण जाणे. ती एका कारखान्याची खूण निघाली. विलायतेत, राणीच्या काळात, उत्तरेकडच्या एका नदीकाठी तो छोटासा कारखाना होता. मोठ्या कारखान्यांवर तिकडे जाडजूड पुस्तकं आहेत. याच्यावर कुणी पानभरसुद्धा लिहिलेलं नाही. लोखंडी साच्यात वितळलेल्या काचेचा गोळा सोडायचा आणि वरून दट्ट्या दाबून नक्षी उमटवायची, असं ते काम. श्रीमंतांच्या घरी कारागीर हाताने नक्षी कापून देत, तिची ही स्वस्तातली नक्कल, गिरणीतल्या आणि खाणीतल्या माणसांनी आपल्या टेबलावर ठेवावी म्हणून केलेली. हे वाचलं तेव्हा तुमची फार आठवण आली. तुम्ही पाहुण्यांसमोर मिरवलात तो वाडगा साहेबाचा नव्हताच. तो तिकडच्या मजुराच्या घरासाठी केलेला होता, आणि शेवटी तो योग्य घरी आला होता.

या शोधात मला तिकडचे एक निवृत्त शिक्षक भेटले, म्हणजे ईमेलवर. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणते. असली काच जमवणाऱ्या मंडळींसाठी ते एक छोटं पत्रक काढतात. त्यांनी गावच्या वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रं चाळली, मी इथून काचेचं शास्त्र पुरवलं, असे आम्ही दोघं त्या बुडालेल्या कारखान्याचा इतिहास लिहायला लागलो. एके दिवशी मास्तरांचा मेल आला. त्यांना एक बातमी सापडली होती. एका बंदरातल्या दुकानदारांनी तक्रार केली होती की या कारखान्याचे वाडगे फळीवर ठेवल्या जागी आपोआप फुटतात, आणि एका दुकानातल्या नोकरांनी तर त्या खोलीत जायचंच सोडलं होतं. निववण्याची भट्टी एकच होती आणि मागणी वाढली होती, असं मास्तरांनी दुसरीकडून काढलं. सगळं जुळलं. घाई केली होती. ताण आत राहिला होता. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि खूप रडले. आई असती तर तिला धरून सांगितलं असतं की तो इशारा नव्हता, तुझ्या पोराचा आणि त्या काचेचा काही संबंध नव्हता. तिकडच्या कुणा मालकाने घाई केली आणि तिचा भोग तू भोगलास. पत्रकासाठीच्या लेखाचा शेवट मी त्याच दिवशी लिहून टाकला.

आणि मग पोरगी बाळंतपणाला आली, तिने वाडगा बाहेर काढला, आणि माझंच शास्त्र माझ्या उरावर बसलं. कारण एक फुटला तर जोडीतला दुसराही फुटणारच की. तोही त्याच भट्टीतला. आता तो फुटेल तर कधी? आजपर्यंत मला नुसती भीती होती. आता भीतीला कारणही मिळालं होतं. पोरगी डुलत डुलत पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यापाशी जाते, वाकते, फुलं बदलते, आणि मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहते. काच उडून तिला लागेल याची भीती आहे असं मी स्वतःला सांगते. तीही आहे, खोटं नाही. पण अण्णा, तुमच्यापासून काय लपवू? मला त्या काचेच्या तुकड्यांची भीती नाही. मला त्या आवाजाची भीती आहे. तो टण्ण आवाज या घरात या महिन्यात झाला, तर मी सगळं शिकलेलं विसरून जाईन आणि आईसारखी तोंडावर पदर धरून उभी राहीन. मग बाळाचं काय होईल ते मला आधीच कळून चुकलेलं असेल. आईला मिरच्या खराब झाल्याचं कारण शोधावं लागे. माझ्याकडे तर आख्खं शास्त्र आहे.

एका सकाळी चहा पिताना तीच म्हणाली, "आई, तू त्या बाउलकडे कशी बघतेस माहितीये? लिटरली बॉम्ब ठेवल्यासारखी." मग मी तिला सांगितलं: भट्टी, घाई, ताण, मास्तर, दुकानदार. दही सांगितलं नाही. मामा अपघातात गेला एवढंच तिला माहीत आहे, ते तेवढंच राहू दिलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओके. मग चेक कर ना. तुझा जॉबच तो होता."

"त्याला उपकरण लागतं. घरात कुठे आहे?"

तिने फोनवर दोनचार वेळा बोट फिरवलं. "लॅपटॉपची पांढरी स्क्रीन आणि पोलराइज्ड गॉगल. बस्स. आई, तुला हे खरंच माहीत नव्हतं?"

माहीत होतं, अण्णा. कारखान्यातल्या नव्या मुलींना मी हेच शिकवायची. वाडगा बाहेर आला त्या दिवसापासून मला माहीत होतं की हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे, आणि जावई कर्वेनगरहून रविवारी आले होते तेव्हा त्यांचा तसलाच गॉगल इथेच टीव्हीपाशी विसरून गेले आहेत. मी त्या गॉगलवर रोज फडकं मारत होते. पण एकदा बघितलं की कळणार, आणि कळलं की मग वाट बघणं आलं. न बघता निदान कदाचित म्हणता येत होतं.

तिने ऐकलं नाही. ऑफिसचं काम बाजूला सारून तिने कोरी पांढरी स्क्रीन लावली, उजेड पुरता वाढवला. मी वाडगा रिकामा करून पुसला. गॉगल डोळ्यांवर ठेवला आणि स्क्रीन काळी होईपर्यंत मान तिरकी केली. आता स्क्रीन आणि गॉगल यांच्यामध्ये काच धरायची. ताण असेल तिथे काळ्यावर पांढऱ्या, पिवळ्या, जांभळ्या पट्ट्या उमटतात, आणि नसेल तर काच नुसती काळी राहते. मी वाडगा पुन्हा पुसायला घेतला तशी पोरगी म्हणाली, "आई, मी धरू का?" मी जवळजवळ ओरडलेच, "तू लांब हो!" मग मी वाडगा उचलून समोर धरला. कडेला बघितलं, कानांपाशी बघितलं, तळाशी किल्लीपाशी बघितलं. फिरवून फिरवून पुन्हा बघितलं. काही नव्हतं. कानांच्या बुडाशी थोडी धुरकट उजळ छटा होती, तेवढी तर काल बनलेल्या बाटलीतही असते. बाकी काच स्वच्छ काळी. सावकाश निववलेली, कुणीही घाई न केलेली, उत्तम काच. सवयीने माझ्या तोंडून "पास" निघून गेलं. पोरीने टाळ्या वाजवल्या, वाडगा माझ्या हातून घेतला, पाणी भरलं आणि पुन्हा मूर्तीपुढे ठेवून आली. "आता घाबरू नकोस हं," ती मला म्हणाली, मी तिला म्हणावं तसं.

मी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. तुमच्या लक्षात आलंच असेल. मला पट्ट्या दिसायला हव्या होत्या. हा वाडगा आतून ताणाने भरलेला निघाला असता तर मी तो फडक्यात बांधून गच्चीवर नेऊन ठेवला असता आणि सुटले असते, कारण मग त्याची जोडही तशीच असणार होती, आणि आईचा वाडगा आपोआप फुटला हे पक्कं झालं असतं. हा तर धडधाकट निघाला. मग तो का फुटला? एकाच जोडीचे, एकाच साच्यातले, कदाचित एकाच दिवसाचे. मी काचेच्या बाबतीत अडाणी नाही, मला शंभर कारणं सुचतात. त्याला बाजारात कधी बारीक टवका उडाला असेल. तो भट्टीच्या दाराशी ठेवला गेला असेल आणि हा मध्यभागी. तो वेगळ्या दिवशीचा असेल आणि जोडी दुकानदाराने लावली असेल. यातलं कुठलंही खरं असू शकतं. पण "असू शकतं" ऐकून भीती जाते का? नाही जात. ती म्हणते, इतकी वर्षं तू बाटल्या तपासल्यास, आणि जो एक वाडगा तपासायचा होता तो केरात गेला.

मी मास्तरांना खरं काय ते कळवलं. लेखाचा शेवट मागे घेतला. त्यांना उलट आनंद झाला. त्यांनी लिहिलं की मग कारखान्याची बदनामी कदाचित कुणा प्रतिस्पर्ध्याने केली असेल, आपण न्याय देऊ, आणि असा पूर्ण शाबूत वाडगा त्यांच्या माहितीत दुसरा नाही तेव्हा त्याला जपा. खाली भाबडेपणाने एक ओळ होती: तुमचा तो दुसरा मग कशाने फुटला असेल बरं? मी लॅपटॉप मिटून टाकला. त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.

काल तपासणीला गेलो. बीपी फारच वर होतं. डॉक्टरबाई या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, आता थांबण्यात अर्थ नाही, उद्या सकाळी दाखल करा, दिवस थोडे आधी आहेत पण बाळाचं वजन बरं आहे. पोरगी परत येताना रिक्षात माझा हात धरून बसली होती आणि मी तिला हजार शहाणपणाच्या गोष्टी सांगत होते. तिची पिशवी भरून झाली आहे. जावई थोड्या वेळात येतील. तुम्ही असता तर दारात खुर्ची टाकून बसला असता आणि सगळ्यांना दरडावलं असतं की एवढं घाबरायला झालंय काय. तुमचं ते दरडावणं मला आत्ता हवं होतं, अण्णा. ते खरं नव्हतं हे कळूनसुद्धा हवं होतं. हे पत्र मी कुठे टाकणार नाही. पोरगी झोपेतून उठायच्या आत फाडून टाकेन, कारण तिने ते वाचलं तर तिला दह्यापासून सगळं सांगावं लागेल आणि हे घर पुन्हा कान लावून बसेल.

फक्त एक सांगायचं राहिलं. काल दुपारी ती डाव्या कुशीवर झोपली होती. मी वाडग्यातलं पाणी बदलायला गेले, फुलं काढली, पाणी भरलं. आणि मग दार लोटून घेतलं, आणि हात जोडले. मूर्तीला नाही, अण्णा. मूर्तीच्या जरा खाली. त्या वाडग्याला. "एवढे दिवस दम धरलास, आता आम्ही परत येईपर्यंत धर," असं मी त्याला म्हणाले, मोठ्याने म्हणाले, तुमच्या घरात. आणि मला बरं वाटलं.